माळवदावर आणखी माती टाकू नका, मामा

घरच्या ग्रुपवर आठवडाभर माळवदाबद्दल, म्हणजे वर मातीचा थर दिलेल्या सपाट छपराबद्दल, एकच मेसेज फिरतोय: 'सिमेंट सोडा, माळवद बांधा. माती जितकी जाड, तितकं घर थंड आणि मजबूत. दगडमातीच्या वाड्याला भूकंपही हलवत नाही. औरंगाबादचा हिमरूसुद्धा आपल्या उन्हासाठीच विणला जायचा.' तो वाचून औसा तालुक्यातल्या माझ्या मामांनी मृगाआधी माळवदावर टाकायला ट्रॅक्टरभर पांढरी माती सांगितलीय.

'भूकंपही हलवत नाही' हे लातूर जिल्ह्यात बसून पुढं पाठवायला हात कसा धजतो? 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3.56, किल्लारी. आयआयटी कानपूरच्या भूकंपविषयक टिपांमध्ये स्पष्ट लिहिलंय: 8,000 हून जास्त माणसं गेली, बहुतेक दगडी घरांच्या ढिगाऱ्याखाली. आपली दोन-तीन फुटी भिंत एकसंध नसतेच. आतला दगड वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये चिपा आणि माती. हादरा बसला की दोन्ही बाजू फुगून सुटतात आणि माळवद झोपलेल्यांवर येतं. त्याच टिपा सांगतात की भिंत 450 मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि दर 600 मिलिमीटर उंचीवर आरपार जाणारे दगड हवेत. माळवदाचं वजन तर कुणी मोजतच नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार टनांच्या आसपास, तीही कोरडी. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आणखी एक थर, वर्षानुवर्षं.

हिमरूचं तर काहीच्या बाही. रेशीम-सुताचं ते शाली-शेरवान्यांचं कापड. उन्हात राबणाऱ्याच्या अंगावर सुती धोतर आणि डोक्याला पटका असायचा.

थंडाव्याचं मात्र खरं आहे, नाही म्हणवत नाही. माती हळू तापते, दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. भूकंपानंतर पत्र्याखाली राहायला गेलेल्यांना विचारा, मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. पण तीच जाड भिंत रात्री उष्णता आत सोडते. उगाच का आपण सगळे उन्हाळ्यात माळवदावर अंथरुणं टाकायचो?

मामा, ट्रॅक्टर परत पाठवा. जास्तीची माती उतरवा, उरलेल्या पातळ थराखाली प्लॅस्टिकचा कागद घाला. गळती त्यानंही थांबते. आणि मामीची खाट त्या फुगलेल्या भिंतीपासून आजच हलवा.