गॅस हलका आहे, म्हणून पाइपलाइन निर्धोक?

एक संदेश सगळीकडे फिरतोय: ‘पाइपलाइनमधला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, गळला तरी वर उडून जातो. गळती झाली तर लगेच वास येतो. पोलादी नळ एकदा पुरला की काळजी मिटली. शिवाय इंधन स्वच्छ, पर्यावरणाला धक्का नाही.’ प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते पटतं. पण त्यावर विसंबून गळतीकडे काणाडोळा केला, तर गाठ जिवाशी आहे.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हलका असतो, एलपीजीसारखा जमिनीलगत साचत नाही, हे खरंच. पण वर जायला वर मोकळी जागा हवी ना! जमिनीखाली गळलेल्या वायूवर डांबर किंवा काँक्रीट असेल, तर तो आडवा सरकतो. गटारातून, केबलच्या नळ्यांतून, पायाच्या भेगांतून घरात शिरतो आणि छताखाली साठतो. हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असलं की दिव्याच्या बटणातली ठिणगीही पुरते.

वासाचं म्हणाल, तर मिथेनला वासच नसतो. 1937 मध्ये टेक्ससमधल्या न्यू लंडनच्या शाळेखाली असा बिनवासाचा वायू साठला, स्फोट झाला आणि सुमारे 300 जण गेले, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे वायूत वासाचं रसायन मिसळणं सक्तीचं झालं. तरी मातीतून झिरपताना हा वास शोषला जाऊ शकतो आणि लांब पल्ल्याच्या वाहिन्यांत तो अनेकदा मिसळलेलाच नसतो. म्हणून वास आला नाही, याचा अर्थ गळती नाही असा घेऊ नका. आणि आलाच, तर कुठलंही बटण चालू-बंद न करता आधी बाहेर पडा; फोन बाहेरूनच करा.

सर्वांत घातक आहे ते ‘काळजी मिटली’. कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोत 9 सप्टेंबर 2010 रोजी 30 इंची वाहिनी फुटली. नळ 1956 मध्ये पुरलेला. कागदोपत्री तो बिनजोडाचा होता. प्रत्यक्षात त्याला लांबीभर जोड होता आणि त्याचं वेल्डिंग अर्धवट. इतकी वर्षं ते कुणी तपासलंच नाही. 8 जण दगावले, 38 घरं बेचिराख झाली. व्हॉल्व्ह हाताने बंद करायचे असल्याने वायू थांबायला 95 मिनिटं लागली! गंज आणि दुसऱ्याच कामासाठी झालेली खोदाई, हे धोके वेगळेच. पाइपलाइन सुरक्षित ठेवता येते, पण त्यासाठी नळावरचं आवरण, कॅथोडिक संरक्षण (गंज रोखायला नळाला दिलेला सौम्य वीजप्रवाह), नळाच्या आतून तपासणी हे सगळं सतत करावं लागतं.

राहिलं पर्यावरण. जळताना हा वायू कोळशाच्या जवळपास निम्माच कार्बन डायऑक्साइड सोडतो. न जळता गळलेला मिथेन मात्र 20 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून अधिक तापवतो. दुरुस्तीसाठी वाहिनीचा भाग रिकामा करताना आतला वायू अनेकदा थेट हवेत सोडतात. तोच कॉम्प्रेसरने, म्हणजे वायू दाबणाऱ्या, जागोजागी नेता येणाऱ्या यंत्राने, वाहिनीच्या शेजारच्या भागात ढकलता येतो. इंधन स्वच्छ म्हणून विकणाऱ्या कंपनीला ग्राहकांनी विचारावं, तुम्ही यातलं काय करता?