‘२०१० विसरलात’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

रॉजर्सवरच्या माझ्या लेखाखाली आपण टाकलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो असतो, तर नको ते लिहून गेलो असतो, म्हणून थांबलो. आपण नाव दिलेलं नाही, त्यामुळे नुसतं ‘आपण’ म्हणतो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्जनी २०२५च्या मार्चमध्ये ॲरन रॉजर्स या चाळिशी पार केलेल्या क्वार्टरबॅकचा (चेंडू फेकून संघाची चाल चालवणारा खेळाडू) विचार केला आणि सोडून दिला. जूनमध्ये स्टीलर्स या दुसऱ्या संघाने त्याला एका वर्षाच्या करारावर घेतलं. माझं म्हणणं असं की व्हायकिंग्जनी त्याला घ्यायला हवं होतं, कारण बाकी संघ तयार होता. त्यावर आपले मुद्दे: व्हायकिंग्जनी २००९ला असाच वयस्क घेतलेला क्वार्टरबॅक फार्व, त्याचं वय मी चुकीचं लिहिलं, सॅलरी कॅपचा (संघाच्या पगारखर्चावरच्या मर्यादेचा) विचार केला नाही, मॅकार्थी या व्हायकिंग्जच्या तरुण क्वार्टरबॅकचं नुकसान झालं असतं, धोनीला कवटाळून बसलेल्या चेन्नईचं काय झालं ते बघा. आणि शेवटी हे वाक्य: “२००९ची आरती ओवाळताना २०१० सोयीस्कर विसरायचं, याला विश्लेषण म्हणत नाहीत, म्हातारचळ म्हणतात.”

आधी जे बरोबर आहे ते मान्य करतो. १८ ऑगस्ट २००९ला व्हायकिंग्जच्या करारावर सही करताना ब्रेट फार्व ३९ वर्षांचा होता. चाळिशी त्याने १० ऑक्टोबरला गाठली. मी सरसकट ‘चाळिशीचा फार्व’ लिहिलं होतं, ते दुरुस्त केलं आहे. आभार.

आता त्या वाक्याबद्दल. मतभेद मला चालतात. इथे कित्येकांनी माझ्याशी कडाकडा वाद घातले आहेत आणि त्यांच्याशी माझी मैत्री टिकून आहे. पण न बघितलेल्या, न भेटलेल्या माणसाला ‘म्हातारचळ’ लागला म्हणण्याची ही कुठली पद्धत? घरातल्या वडीलधाऱ्यांशी आपण याच भाषेत बोलता का? माझं वय काढल्याशिवाय मुद्दा मांडता येत नव्हता, की मुद्दाच तेवढा होता?

आणि मी २०१० विसरलो, हे आपल्याला कोणी सांगितलं? मी मिनेसोटात आलो तो १९९८चा सीझन. थंडी काय असते ते कळायच्या आधी मला व्हायकिंग्ज कळले. त्या वर्षी संघ १५-१ (पंधरा विजय, एक हार) होता आणि क्वार्टरबॅक होता रँडल कनिंगहॅम. वय ३५. १९९६चा अख्खा सीझन हा माणूस निवृत्त होऊन मार्बल-ग्रॅनाइटच्या धंद्यात होता. त्याला परत आणून संघात बसवलं तेव्हाही लोक हसलेच असतील. त्याने ३४ टचडाऊन (चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार पोचवणारे पास) फेकले. शेवटी हरलो ते फाल्कन्सशी ओव्हरटाइममध्ये, आणि त्या सामन्यात आमच्या किकर अँडरसनची फील्ड गोल (खांबांमधून मारायची किक) हुकली होती. त्यात क्वार्टरबॅकच्या वयाचा संबंध काय?

२०१०चंही सांगतो. डिसेंबरात बर्फाच्या भाराने आमच्या मेट्रोडोम मैदानाचं छप्पर खाली आलं. दुसऱ्या दिवशी डेट्रॉइटला हलवलेल्या सामन्यात फार्व उतरला नाही, आणि सलग २९७ सामन्यांची त्याची साखळी तिथे तुटली. पुढच्या सोमवारी, २० तारखेला, बेअर्सविरुद्धचा सामना विद्यापीठाच्या उघड्या मैदानावर होता. मी तिथे होतो. बाकावरचा बर्फ हातमोज्याने ढकलून बसलो होतो, आणि बसल्यावर खालचा धातू दोन पँटींतून लागत होता. फार्व खेळणारच नाही असं आधी जाहीर झालं होतं. तो आला तेव्हा सगळं मैदान उठून उभं राहिलं. पहिल्याच चढाईत त्याने पास झेलणाऱ्या हार्विनला टचडाऊन दिला. मग पूर्वार्धातच बेअर्सच्या वूटनने त्याला मागून आपटलं. मैदान दगडासारखं गोठलेलं होतं, डोकं त्यावर आदळलं, आणि तो काही क्षण हललाच नाही. ती त्याच्या कारकिर्दीतली शेवटची चाल. आम्ही ४०-१४ असे हरलो. हे मी विसरलो, असं तुम्ही मला सांगणार?

२०१०ला फार्वचे ११ टचडाऊन आणि १९ इंटरसेप्शन (समोरच्या संघाच्या हाती गेलेले पास), हे आकडे मलाही पाठ आहेत. पण त्या वर्षी पास झेलणारा सिडनी राइस नितंबाच्या शस्त्रक्रियेमुळे निम्मा सीझन बाहेर होता, हार्विन अर्धशिशीने हैराण होता, तसाच पास झेलणारा रँडी मॉस, त्याला आणून चार आठवड्यांत काढून टाकलं आणि नोव्हेंबरात प्रशिक्षक चिल्ड्रेसची हकालपट्टी झाली. संघ विस्कटला तसा क्वार्टरबॅकही विस्कटला. मी मूळ लेखात हेच लिहिलं आहे. प्रश्न क्वार्टरबॅकच्या वयाचा नाही, त्याच्या भोवती काय उभं आहे याचा आहे.

२००८ला व्हायकिंग्जकडे काय होतं ते आठवा. एड्रियन पीटरसनने धावून १,७६० यार्ड काढले, लीगमध्ये सर्वाधिक. डिफेन्समध्ये (बचावफळीत) पॅट आणि केव्हिन विल्यम्स मधोमध भिंतीसारखे, कडेला जॅरेड ॲलन. १०-६, डिव्हिजन (गट) जिंकली, आणि घरच्या मैदानावर ईगल्सकडून पहिल्याच प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) बाहेर. नव्हता तो फक्त फेकणारा. २००९ला फार्व आला आणि त्याने ३३ टचडाऊन, फक्त ७ इंटरसेप्शन दिले. तोच माणूस आदल्या वर्षी जेट्सकडे २२ आणि २२ होता! त्या सीझनच्या शेवटी, सुपर बोलच्या (लीगच्या अंतिम सामन्याच्या) दारात, न्यू ऑर्लिन्सच्या सामन्यात २८-२८ असताना, घोटा दुखावलेला असताना त्याने तो पास अंगाआडून मध्ये फेकला आणि समोरच्यांनी तो पकडला, हे मान्यच. पण त्याच्या आदल्या क्षणी हडलमध्ये (चालीआधीच्या घोळक्यात) अकराऐवजी बारा माणसं उभी राहिली आणि दंडात पाच यार्ड गेले, ते कोणाचं म्हातारपण?

क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी ४२व्या वर्षी टॅम्पाच्या संघात गेला आणि ४३व्या वर्षी सुपर बोल ३१-९ने जिंकला. ब्रॉन्कोसचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग, त्याने तर २०१५ला ९ टचडाऊन आणि १७ इंटरसेप्शन दिले, म्हणजे तुमच्या हिशेबाने मोडीतच. तरी ब्रॉन्कोस सुपर बोल जिंकले, कारण डिफेन्स व्हॉन मिलरचा होता. उलट २०२३ला जेट्सनी रॉजर्सला घेतलं ते सगळा संघ त्याच्या एका खांद्यावर टाकायला. चौथ्याच चालीत त्याच्या टाचेमागची शीर तुटली आणि सीझन संपला. पुढच्या वर्षी तो २८ टचडाऊन देऊनही संघ ५-१२.

व्हायकिंग्ज २०२४च्या सीझनला १४-३ होते. पास झेलायला जेफरसन, ॲडिसन, शिवाय प्रशिक्षक फ्लोरेसचा डिफेन्स. २०२५च्या मार्चमध्ये लाइनसाठी (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीसाठी) रायन केली आणि विल फ्राइज हे दोघे आणले. आधीचा क्वार्टरबॅक डार्नल्ड सिॲटलला गेला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे पहिला सीझन बाहेर बसलेल्या मॅकार्थीवर २०२५ला सगळं सोपवलं. असा संघ दरवर्षी हाती लागत नाही.

तुमचं ते वाक्य मला का लागलं, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या मुलाखतीत, मी पन्नाशी ओलांडलेली, समोरचा मुलगा माझा बायोडेटा न उघडताच म्हणाला, ‘आम्ही लांबचा विचार करतोय.’ सगळी कामं मला येत होती. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. वय हेच एक कारण पुरेसं मानणारे लोक मी जवळून बघितले आहेत, आणि ते मैदानावर असोत की ऑफिसात, त्यांचा हिशेब कच्चा असतो हे मी अनुभवाने सांगतो. तुम्हाला ते भावनिक वाटलं तर वाटू दे.

उरलेलं झटपट. धोनी २०२५ला सातव्या-आठव्या क्रमांकाला येत होता, क्वार्टरबॅकच्या हातून प्रत्येक चाल सुरू होते. ही तुलना बसतच नाही. कॅपचं म्हणाल तर स्टीलर्सचा २०२५चा करार जास्तीत जास्त १ कोटी ९५ लाख डॉलर्सचा होता, आणि क्वार्टरबॅकच्या बाजारात तो स्वस्त होता. मॅकार्थीबद्दल मी लेखात लिहिलं आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

पुढे लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण नाव घालून लिहा आणि माझं वय बाजूला ठेवा. आणि एका प्रश्नाचं उत्तर घेऊन या: ज्यांच्या क्वार्टरबॅकने आदल्या सीझनला ३० इंटरसेप्शन दिले होते, त्या २०२०च्या टॅम्पाने ब्रेडीऐवजी कोणाला घ्यायला हवं होतं?