‘रंकाळ्याच्या काठावर बसून’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

समुद्राकडून माणसाला काय काय मिळतं आणि ते नकाशावर कसं मांडतात, या माझ्या मागच्या लेखावर ‘रापणकर’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. खाली दोन ओळीत उत्तर देणार होतो, पण ते लांबत गेलं म्हणून वेगळं टाकतोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर बसून समुद्र कळत नाही. नकाशात कांदळवन (खाडीतलं तिवरांचं जंगल) दिसतं, पण तिथं कालवं (एक प्रकारचे शिंपले) काढणारी बाई दिसत नाही. समुद्राला रुपयात मोजलं की उद्या कुणीतरी तेवढे रुपये भरून खाडी बुजवणार. आणि नकाशातले रंग ओळखू येत नाहीत.

रंगांचं आधी मिटवतो. मान्य. मोबाइलवर दोन्ही निळे सारखेच दिसतात, बदलतो. झालं?

आता रंकाळा. मुद्दा मांडायला रंकाळा कशाला लागतो, हे मला कळलेलं नाही. पुढं ‘तांबडा-पांढरा ओरपणाऱ्यांनी’ असंही आहे. मी तुमच्या सोलकढीबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. एवढा अभ्यास दिसतोय तुमचा, मग ही भाषा का?

माझे वडील मालवणहून मासळीचा टेम्पो आणायचे. रात्री बर्फात भरलेले बांगडे गगनबावड्याच्या घाटानं वर चढायचे आणि उजाडायच्या आत कोल्हापुरात उतरायचे. घाटात दरड आली की माल वाटेतच खराब व्हायचा आणि आमच्या घरात आवाज चढायचे. बोटींची पावसाळी बंदी लागली की दुकानदाराकडची उधारीची वही वाढायची. ती बंदी आजही १ जून ते ३१ जुलै असते, हे मला सरकारी पत्रक वाचून कळलेलं नाही. माझ्या शाळेची फी त्या बांगड्यांतनं भरली गेली. आता सांगा, समुद्राचा लाभ मिळणाऱ्यांत मी बसतो की नाही?

आणि हाच तर त्या लेखाचा विषय होता. लाभांचा नकाशा म्हणजे किनाऱ्याला रंग फासणं नव्हे. लाभ तयार कुठं होतो, कुठनं जातो आणि कुणाच्या पदरात पडतो, या तिन्ही जागा वेगवेगळ्या दाखवाव्या लागतात. कोळंबीची पिल्लं खाडीत, तिवरांच्या मुळांत वाढतात, पकडली जातात बाहेर समुद्रात आणि शिजतात कोल्हापुरात. वादळापासून मिळणारा आडोसा मात्र असा घाट चढून येत नाही, तो कांदळवनाच्या मागच्या गावालाच मिळतो. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळाबद्दल सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या संशोधकांनी केंद्रपाडा जिल्ह्यातली गावं तपासली होती. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये कांदळवनाचा पट्टा जिथं रुंद होता, तिथं माणसं कमी दगावली, असं त्यांनी २००९ मध्ये मांडलं. तिसरी तऱ्हा कार्बनची. कांदळवनाच्या चिखलात तो गाडला गेला की हवेत जाऊन तापमान वाढवत नाही, म्हणून फायदा मालवणलाही आणि मंगोलियालाही. (पावसाचं मी मुद्दाम धरलेलं नाही. अरबी समुद्रावरनं येतो खरा, पण ते देणं समुद्रातल्या जीवसृष्टीचं म्हणायचं की नुसत्या वाऱ्याचं, यावर तुम्ही आणखी एक प्रतिक्रिया लिहाल.)

म्हणजे फक्त किनारा रंगवला तर मासळीच्या नकाशातनं कोल्हापूर, बेळगाव, सांगली गायब होतात. आणि इथलं गिऱ्हाईकच नकाशात नसेल, तर खाडी बुजवताना इथनं कोण ओरडणार? मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या देशानं शेवंड (लॉब्स्टर), पर्यटन आणि किनाऱ्याचं संरक्षण असे नकाशे मांडून, कुठला उद्योग कुठं नको ते ठरवलं आणि २०१६ मध्ये त्यावर सरकारी मोहोर उठवली. ते नकाशे करायला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची माणसं मदतीला होती. ती काही रोज जाळी ओढत नव्हती, तरी काम झालं.

किमतीचं म्हणाल तर रॉबर्ट कोस्टांझा हे पर्यावरणीय अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये साऱ्या पृथ्वीच्या परिसंस्था (जंगलं, खाड्या, समुद्र) माणसाला जे देतात त्याचं वार्षिक मोल सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढलं, त्यात साठ टक्क्यांहून जास्त वाटा समुद्राचा. तेव्हापासून तुमच्यासारखीच टीका चालू आहे. मी माझ्या लेखात रुपयाचा एकही आकडा घातलेला नाही. आधी वाचा, मग लिहा.

कालवं काढणारी बाई. उपग्रहाच्या चित्रात माणूस दिसत नसतो, त्याला मी काय करू? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतनं लोकांना कांदळवन दाखवतात, ते माझ्या लेखात आहे. बाकी हक्कांचा विषय मोठा आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

१९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य झालं तेव्हा मच्छीमारांना विचारलं नाही, हा राग तुम्ही माझ्यावर काढताय असं वाटतं. तेव्हा मी चड्डीत होतो. ‘घाटावरचे’ अशी सुरुवात असलेली पुढची प्रतिक्रिया इथं दिसणार नाही. मुद्दा असेल तर जरूर लिहा, मालवणीत लिहिलंत तरी छापीन.