‘टक-टक आवाज आला, बॅटरी गेली’ हे अर्धसत्य आहे

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक वाजलं तर बॅटरी गेली. दिवे लागतात ना, मग वायरिंग ठीक आहे. जंप देऊन गाडी सुरू झाली तर खात्रीच, बॅटरी बदला.’ हे वाचून लोक चांगल्या बॅटऱ्या भंगारात देतात, म्हणून लिहितोय.

टक-टक हा सोलेनॉइडचा, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचा आवाज. सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फ जोराचा करंट मागतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा ओढला जातो. व्होल्टेज बॅटरी उतरल्यानेही कोसळतं आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरल्यानेही. आवाजावरून फरक कळत नाही.

दिव्यांचा पुरावा तर अगदीच लंगडा. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण 10 अँपिअर घेतात, सेल्फला 150 किंवा जास्त लागतात. जोडात 0.02 ओहम अडथळा असेल तर दिव्यांना 0.2 व्होल्ट कमी मिळतात, डोळ्याला कळतही नाही. सेल्फच्या वाटेचे मात्र 3 व्होल्ट तिथेच जातात.

जंपचा, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घेण्याचा मुद्दा सगळ्यात फसवा. आपण चिमटा लावतो तो बहुतेक वेळा बॅटरीच्या शिशाच्या पोलला नव्हे, त्यावर आवळलेल्या केबलच्या टोकाला, म्हणजे क्लॅम्पला. म्हणजे दुसऱ्या गाडीचा करंट खराब जोड टाळून थेट केबलमध्ये शिरतो. काळा चिमटा इंजिनला लावला असेल (आणि तसाच लावायचा असतो) तर खराब अर्थिंगही (बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतची वायर) टाळलं जातं. गाडी सुरू होते, दोष मात्र बॅटरीच्या माथी.

खरी तपासणी मल्टिमीटरने होते. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एक टोक पोलवर, दुसरं त्याच पोलच्या क्लॅम्पवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याच्या आसपास हवा, 0.2 व्होल्टच्या वर गेला तर जोड खराब. मग निगेटिव्ह पोल ते इंजिनचा उघडा धातू असंही मोजा. ही अर्थिंगची वायर कुणी बघतच नाही, आणि कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत तीच आधी गंजते.

साफ करताना निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा. खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, पोल आणि क्लॅम्प आतून पॉलिश पेपरने घासा. व्हॅसलीन घट्ट आवळल्यानंतर, वरून.

एवढं करूनही सेल्फ मारताना दोन पोलमधलं व्होल्टेज 9.6 च्या खाली जात असेल, तर बॅटरी चार्ज करून लोड टेस्ट (जोराचा करंट ओढून बॅटरी टिकते का ते बघणं) करून घ्या. त्यात नापास झाली तरच नवी घ्या.