क्लिफ मॉर्गनला नुसता माइक दिला नव्हता

वेल्सचा जुना रग्बीपटू आणि बीबीसीचा माणूस क्लिफ मॉर्गन याचं नाव निघालं की रग्बीवाले हमखास 27 जानेवारी 1973 ची क्लिप लावतात. कार्डिफ, बार्बेरियन्स (निमंत्रित खेळाडूंचा संघ) विरुद्ध न्यूझीलंड. नेहमीचा समालोचक बिल मॅक्लारेन आजारी पडला म्हणून समालोचन मॉर्गनकडे आलं. आदल्याच वर्षी पक्षाघाताने त्याची वाचा गेली होती, हे लक्षात ठेवून ऐका.

ऐकताना कान धंदेवाईक ठेवा. बार्बेरियन्सच्या फिल बेनेटपासून गॅरेथ एडवर्ड्सपर्यंत चेंडू सात जणांच्या हातांतून जातो आणि मॉर्गन बहुतेक वेळ फक्त नावं घेतो. मैदानात विल्यम्स दोन, तेही एकमेकांविरुद्ध. नुसतं 'विल्यम्स' म्हणून भागलं नसतं. त्या धबडग्यातही तो 'जॉन विल्यम्स', 'ब्रायन विल्यम्स' असं वेगवेगळं सांगतो. पळणं टीव्हीवर दिसतंच, पळणारा कोण ते सांगावं लागतं. बोलघेवडे समालोचक इथेच घसरतात. नाव तोंडात येईपर्यंत चेंडू दोन हात पुढे गेलेला असतो.

पण माझ्या मते त्याचं मोठं काम ही क्लिप नव्हेच. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून 1987 पर्यंत तो बीबीसी टीव्हीच्या बाह्यप्रक्षेपण विभागाचा, म्हणजे स्टुडिओबाहेरून होणाऱ्या प्रक्षेपणांचा, प्रमुख होता. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

ऱ्होंडा खोऱ्यातल्या ट्रेबॅनॉगच्या खाणकामगाराचा हा मुलगा. 1951 ते 1958 मध्ये वेल्सकडून 29 सामने, जागा फ्लाय-हाफची, म्हणजे संघाची चाल ठरवणाऱ्याची. स्क्रममागून (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांना रेटतात तिथून) चेंडू हातात येतो तेव्हा समोरचा फ्लँकर, स्क्रमच्या कडेचा खेळाडू, अंगावर धावून येत असतो. किक, पास की स्वतः पळायचं, हे आधीच ठरलेलं हवं. 1955 मध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध लायन्सचा (ब्रिटन-आयर्लंडचा एकत्रित संघ) रेग हिगिन्स जायबंदी झाला. तेव्हा बदली खेळाडू नसत, त्यामुळे 15 पैकी उरले 14. तशात मॉर्गनने बासी व्हॅन वाइकला बाहेरून चकवून ट्राय केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला. शेवटची कन्व्हर्जन (ट्रायनंतरची जादा गुणांची किक) आफ्रिकेच्या व्हॅन डर स्किफने हुकवली आणि लायन्स 23-22 ने जिंकले.

ओबी व्हॅनमधला (बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतला) दिग्दर्शक फ्लाय-हाफपेक्षा वेगळं काय करतो? समोर प्रत्येक कॅमेऱ्याचा मॉनिटर. किकरचा पाय मागे जाताना रुंद चित्र हवं. क्लोजअपवर अडकलात तर चेंडू चौकटीबाहेर जातो आणि कॅमेरामन तो आभाळात शोधत बसतो. रिप्ले त्याहून धोक्याचा. पेनल्टी मिळताच स्क्रम-हाफ (स्क्रममागून चेंडू उचलणारा) पायाने चेंडू टिचवून पळत सुटतो आणि पडद्यावर मागचाच टॅकल चालू असतो. ट्राय दाखवायचा राहून गेला! प्रमुखाला तर हे सगळं आठवडे-महिने आधी बघावं लागतं. मॉर्गनच्या विभागाकडे खेळांबरोबर राजघराण्याचे सोहळेही होते. 29 जुलै 1981 चं चार्ल्स-डायनाचं लग्नही त्यातच आलं. मिरवणुकीला रिटेक नसतो.

आणि ही खुर्ची त्याला जर्सीच्या पुण्याईवर मिळाली नव्हती. खेळ सोडला त्याच वर्षी, 1958 ला, तो बीबीसी वेल्समध्ये कामाला लागला. मधे आयटीव्हीवर चालू घडामोडींच्या कार्यक्रमाचा संपादकही झाला. म्हणजे बूट काढल्यापासून खुर्चीपर्यंत दीड दशकाहून जास्त.

आपल्याकडे क्रिकेटपटू निवृत्त झाला की बहुधा थेट कॉमेंटरी बॉक्स. त्याआधी एक मोसम त्याला व्हॅनमध्ये धाडा की. दिग्दर्शकाच्या शेजारी बसवायचं, बटणाला हात लावू द्यायचा नाही. फिल्डर हलला, गोलंदाजाने पकड बदलली, की त्याने एवढंच सांगायचं: आता काय होणार, आणि कुठल्या बाजूला. केबल आणि बजेट नंतर शिकेल.