100 सी मोजले कोणी?

बॅटरीवर 100 सी छापणाऱ्यानं एकदा आमच्या विहिरीवर येऊन दाखवावं. भाच्याच्या रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या ट्रकची बॅटरी, 5000 एमएएचची, म्हणजे 5 अँपिअर-तासांची टू-एस लायपो (दोन सेल एकापुढे एक जोडलेली लिथियम-पॉलिमर). सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट सलग काढता येतो तो आकडा. 5 गुणिले 100, झाले 500 अँपिअर. त्याला 7.4 व्होल्टनं गुणा, 3700 वॅट. म्हणजे पाच एचपी! आमच्या विहिरीवरच्या मोटरएवढी ताकद या तळहातावरच्या पाकिटात आहे म्हणे. खरंच तेवढा करंट काढला तर 36 सेकंदांत बॅटरी संपेल. आणि तिला कनेक्टर कोणता लावलाय? एक्सटी-60, साठ अँपिअरचा. अरे, लेबल छापणाऱ्यानं स्वतःची वायर तरी बघायची!

माझ्या भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत घरचाच कापूस वेचून या बॅटरीसाठी पैसे जमवले होते. कुरिअर गावात येत नाही, दारव्ह्याला जाऊन आणावं लागलं. तूर निघालेल्या वावरात पोरानं ट्रक काढला. चार मिनिटांत गाडी ढेपाळली, बॅटरी हातात धरवेना. तिसऱ्या दिवशी फुगली. "मामा, याच्यावर शंभर सी लिवलं हाये न, मंग फुगली काऊन?" काय सांगू त्याला?

चार्जरवर इंटर्नल रेझिस्टन्स, म्हणजे सेलच्या आतच करंटला होणारा अडथळा, पाहिला, एका सेलचा 12 मिलिओहम! या क्षमतेच्या चांगल्या सेलचा दोन-चार असतो. 60 अँपिअर ओढले की प्रत्येक सेलचे 0.72 व्होल्ट आतच पडतात आणि 43 वॅटची उष्णता सेलच्या पोटात साठते. गाडी ढेपाळणार नाही तर काय होईल? सेल साठ अंशांच्या पुढे तापला की आतलं रसायन खराब होऊन वायू तयार होतो, म्हणून पाकीट फुगतं.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "तुमच्या विदर्भातल्या उन्हामुळे झालं." ऊन? जानेवारीची सकाळ होती, आम्ही शेकोटीपाशी बसलो होतो! पुढे म्हणतो, वापरलेली बॅटरी परत घेत नाही. न वापरता कळणार कशी हो?

सगळ्यात जास्त चीड याची येते की सी मोजायची सगळ्यांवर बंधनकारक अशी एक पद्धतच नाही. कोणी फक्त दहा सेकंद टिकणारा बर्स्ट आकडा मोठ्या अक्षरात छापतो, कोणी मनात येईल तो. अरे, सरळ लिहा ना, "सलग इतके अँपिअर, रेझिस्टन्स इतका मिलिओहम." 30 सी खरे असले तरी 150 अँपिअर होतात, एवढ्या ट्रकला ते पुष्कळ आहेत. आम्ही खऱ्या 30 सीची बॅटरी आनंदानं घेतली असती.

आता ती फुगलेली बॅटरी गोठ्यामागं, कडब्यापासून लांब, रेतीच्या बादलीत ठेवली आहे. पोरगं शाळेतून आलं की आधी तिकडं जाऊन पाहतं.