अंधारात ओटीपी कसला मागता?

काल अमावास्या, देवगडजवळच्या मिठमुंबरीचा किनारा, आभाळ स्वच्छ. आणि रोख पैसे मोजून घेतलेलं आकाशदर्शनाचं ॲप उघडताच म्हणतं, नवीन अपडेट आलंय, आधी लॉगिन करा. लॉगिनला ओटीपी, ओटीपीला रेंज, आणि सुरूच्या बनाच्या अलीकडे रेंज कुणाला मिळते? काल-परवापर्यंत हेच ॲप नेटशिवाय बिनतक्रार चालत होतं. ताऱ्यांची यादी फोनमध्येच आहे, वेळ फोनला ठाऊक आहे, जीपीएसला नेट लागत नाही. मग लॉगिन कशासाठी? ताऱ्यांना माझा मोबाईल नंबर हवाय?

बरं, मागायचं तर मागा, पण पांढऱ्याफटक पानावर, पूर्ण ब्राइटनेसने? डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि असल्या एका पानाने ती मातीमोल होतात. अंधारात डोळे दिपू नयेत म्हणून स्क्रीन लाल करणारा लाल मोड लॉगिनच्या पलीकडे, आणि आता तोही वर्षाची वर्गणी भरणाऱ्यांनाच! तिडीक जाते डोक्यात. हे बनवणारे एक रात्र तरी उघड्यावर उभे राहिलेत का? तसाही तो लाल मोड अर्धवटच. मध्येच कीबोर्ड उघडला की पांढरा, लोकेशनची परवानगी मागणारी चौकट पांढरी, जाहिरात तर पांढरीच. स्क्रीन एलसीडी असेल तर काळा भागसुद्धा मागच्या दिव्याने उजळतो. त्यापेक्षा लाल जिलेटीन कागदाचे दोन थर स्क्रीनवर चिकटवा आणि ब्राइटनेस तळाला न्या. त्याला वर्गणी लागत नाही.

फोनमधल्या होकायंत्राचं तर बोलायलाच नको. फ्लिप कव्हरमधलं चुंबक, शेजारी लावलेली बाईक, धक्क्यावरचं लोखंडी रेलिंग, यांतलं काहीही असलं की दिशा सहज वीस-तीस अंशांनी सरकते. ॲप मात्र ठामपणे नावं दाखवत राहतं, शंकेची एक ओळ नाही. याने काय होतं ते दर एप्रिलमध्ये दिसतं. महिन्याच्या मध्यावर साडेआठच्या सुमारास देवगडहून खरा त्रिशंकू, म्हणजे दक्षिणेकडचा क्रॉसच्या आकाराचा तारकासमूह, आग्नेय-दक्षिणेला, क्षितिजापासून पाच-सहा अंशांवर असतो. त्याच्यासारखाच दिसणारा खोटा त्रिशंकू जवळपास थेट दक्षिणेला, पंधरा अंशांवर. दोघांच्या दिशांत साधारण पंचवीस अंशांचा फरक. होकायंत्र नेमकं तेवढंच चुकलं की खोट्यावर खऱ्याचं नाव येतं, आणि लोक फोटो काढून, स्टेटस ठेवून घरी जातात. अहो, थांबा ना! साडेदहापर्यंत मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे वर येतात. ते ज्याच्या डाव्या हाताला, तो खरा. साडेअकराला तो बरोबर दक्षिणेला उभा असतो, तेव्हाही त्याचा खालचा तारा साडेदहा अंशांच्या वर जात नाही.

कव्हर काढा, बाईकपासून दहा पावलं लांब जा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. मग व्याधावर, म्हणजे रात्रीच्या आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यावर, धरून पाहा. नाव ताऱ्यावर बसलं नाही तर होकायंत्र बंद करून नकाशा बोटाने सरकवून जुळवा. उत्तरेची खात्री ध्रुवावरून करा. तो इथून क्षितिजापासून सोळा अंशांवरच आहे, हात लांब करून धरलेल्या दीड मुठीएवढ्या उंचीवर. लोकेशनही तपासा. रेंज नसताना जीपीएसला पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं लागतात, तोवर काही ॲपं भलत्याच शहराचं आकाश दाखवतात. त्यामुळे अक्षांश-रेखांश घरूनच हाताने भरून ठेवा. अंतराळ स्थानक दिसण्याच्या वेळा हव्या असतील तर त्याच दिवशी ताज्या करून निघा, शिळ्या आकड्यांवर ते वेळेत येत नाही.

आणि ॲपला क्षितिजालगतचे तारेही डोक्यावरच्याइतकेच ठळक काढायची खोड! दहा अंशांवरच्या ताऱ्याचा उजेड डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा साडेपाच पट हवेतून येतो, त्यात आपली दमट खारी हवा. लोक स्क्रीनवर बघतात, वर काही दिसत नाही, आणि आपलेच डोळे बिघडलेत असं समजतात. डोळे ठीक आहेत हो. आकाश बिघडवलंय ते किनाऱ्यावर उभारलेल्या हायमास्टने आणि बंदी असूनही समुद्रात एलईडी पेटवून मासेमारी करणाऱ्यांनी. चांगला काळोख होता, त्यात कुणाला बारा फ्लडलाइट हवे होते? त्या उजेडाखाली उभं राहून परत मोबाईलचा टॉर्च लावून वाळूत चप्पल शोधणारे वेगळेच.

जुलैत, कौलांवर पाऊस कोसळत असताना, हेच ॲप नोटिफिकेशन पाठवतं, "आज रात्री शनी बघा!" हवामान विचारायला यांना नेट मिळत नाही, ओटीपीला मात्र हवं. एकदा पैसे घेतलेत ना? मग लाल मोड परत द्या, लॉगिन काढा, नाहीतर ते पैसे परत करा. घरी संगणकावर आकाशाचा नकाशा दाखवणारं स्टेलेरियम फुकट आहे. त्या रात्रीचा नकाशा छापून नेईन.